मालेगाव, सांगली आणि सात मिनिटे

समजा, आई मालेगावला राहते आणि मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली आहे. रमजान महिन्यात दोघींचा फोन ठरलेला, इफ्तारच्या दहा मिनिटे आधी. आज काय केले, टरबूज किती रुपयांना मिळाले, लहानग्याने रोजा पूर्ण केला की दुपारीच पाणी मागितले, अशा गप्पा होतात. मग पलीकडून अजान ऐकू येते.

"अम्मी, तुमच्याकडे अजान झाली का?"

"हो बेटा, आत्ताच सुरू झाली. घे, खजूर घे तोंडात."

आणि त्याच वेळी सांगलीतल्या मशिदीचीही अजान सुरू होते. दोन गावांमध्ये सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर, पण रोजा सुटतो एकाच वेळी. २०२५ साली २ मार्चला पहिला रोजा झाला. त्या दिवसापासून महिनाअखेरीपर्यंत या दोन गावांच्या सूर्यास्तात दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही. २० मार्चच्या संध्याकाळी तर तो जवळजवळ शून्य असतो. दोन्हीकडे सूर्य मावळतो ६ वाजून ४३ मिनिटांच्या सुमारास.

असे काही वर्षे चालले की आपोआप नियम बनतो: मालेगाव आणि सांगली, फरक नाही. हा नियम धोक्याचा आहे. २०१६ साली रमजान ७ जूनला सुरू झाला होता. त्या महिन्यात मालेगावचा सूर्य सांगलीच्या सूर्यानंतर तब्बल सात मिनिटांनी मावळत होता. सांगलीच्या मुलीने "अजान झाली" म्हटले आणि मालेगावच्या आईने घोट घेतला, तर तो सूर्य क्षितिजावर असताना घेतलेला घोट ठरला असता. हनफी मतानुसार सूर्यास्त झाला असे समजून चुकून आधी रोजा सोडला, तर त्या रोजाची कजा, म्हणजे तो एक रोजा नंतर पुन्हा धरणे, आवश्यक असते. पंधरा तास तहान सोसायची आणि शेवटच्या सात मिनिटांत तो रोजा गमवायचा!

यावर कुणी म्हणेल, मग दहा मिनिटे उशिराच सोडावा, बिघडले कुठे? बिघडते. सूर्य मावळला याची खात्री झाल्यावर इफ्तार लांबवू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. एक-दोन मिनिटांची सावधगिरी बहुतेक तक्त्यांत धरलेली असते, त्यापेक्षा जास्त ताणणे पसंत केले जात नाही. म्हणजे मिनिट दोन्ही बाजूंनी मोजायचे आहे.

रमजान आला की बेकरी, कापडदुकान, पतसंस्था, कुणी ना कुणी सहरी-इफ्तारचे छोटे वेळापत्रक छापून वाटते. एका बाजूला दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला तीस ओळी: तारीख, सहरीची शेवटची वेळ, इफ्तारची वेळ. तळाशी बारीक अक्षरात आसपासच्या गावांचा फरक दिलेला असतो. अमक्या गावाला दोन मिनिटे मिळवा, तमक्या गावाला तीन मिनिटे वजा करा. हे कार्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेले मुस्लिम घरांत सर्रास दिसते. तळाच्या त्या बारीक ओळीवर मात्र फारसा कुणी विचार करत नाही. ती ओळ बरोबर कधी आणि चुकीची कधी, हे समजून घ्यायचे तर सूर्याचे दोन वेगवेगळे हिशेब करावे लागतात. एक पूर्व-पश्चिमेचा, दुसरा उत्तर-दक्षिणेचा.

पहिला सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरची. नागपूर ७९ अंशांच्या थोडे पुढे, मुंबई ७३ अंशांच्या थोडी अलीकडे. दोहोंत सव्वासहा अंशांचे अंतर, म्हणून २५ मिनिटांचा फरक. नागपूरकर इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपतो, तेव्हा मुंबईत अजून ताटे मांडली जात असतात. १९०६ साली देशाला एक वेळ मिळाली तेव्हा मुंबईने ती सहज स्वीकारली नव्हती. शहराची जुनी 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि ती १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालू राहिली. ३९ मिनिटे म्हणजे मुंबई आणि मिर्झापूरची रेषा यांतला साडेनऊ-पावणेदहा अंशांचा फरक. दोन घड्याळे बाळगणाऱ्या त्या मुंबईकरांना रेखांश ही काय चीज आहे ते वेगळे शिकवावे लागत नसणार.

रेखांशाचा हा फरक बाराही महिने सारखा राहतो. कार्डाच्या तळाशी छापलेला आकडा याच हिशेबातून आलेला असतो. मालेगाव आणि सांगली मात्र जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, दोन्ही साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणून त्यांचा फरक शून्य लिहिला जातो. गोची होते ती दुसऱ्या हिशेबात.

सांगली १६.८५ उत्तर अक्षांशावर आहे, मालेगाव २०.५५ वर. मालेगाव पावणेचार अंश उत्तरेला. उन्हाळ्यात पृथ्वीचा उत्तर ध्रुव सूर्याकडे कललेला असतो, त्यामुळे जितके उत्तरेला जावे तितका दिवस मोठा. हिवाळ्यात उलट. २१ जूनला सांगलीचा दिवस सुमारे १३ तास ८ मिनिटांचा, मालेगावचा १३ तास २३ मिनिटांचा. वाढलेली पंधरा मिनिटे सकाळ-संध्याकाळ सारखी वाटली जातात. मालेगावला सूर्य सात मिनिटे आधी उगवतो, सात मिनिटे उशिरा मावळतो. सांगलीचा सूर्यास्त ७ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास, मालेगावचा सव्वासातला. डिसेंबरात पारडे फिरते. मालेगावला ५ वाजून ५६ मिनिटांना सूर्य मावळतो, तेव्हा सांगलीच्या क्षितिजावर तो अजून सात मिनिटे राहणार असतो. तेव्हा आईचा "घे बेटा" ऐकून मुलीने खजूर तोंडात टाकला, तर फसगत तिची.

मुंबई-नागपूरचेही तसेच. २५ मिनिटांचा फरक मार्च आणि सप्टेंबरात ठीक. जूनमध्ये नागपूर थोडे उत्तरेला असल्याने संध्याकाळचा फरक २१ मिनिटांवर येतो, सकाळचा २९ वर जातो. डिसेंबरात उलट. वर्षभर '२५ वजा' करणारा माणूस जूनमध्ये चार मिनिटे आधी रोजा सोडतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

दिवस किती मोठा, याचा अंदाज घरी बसून काढता येतो. महाराष्ट्रापुरती एक ढोबळ रीत अशी: गावाच्या अक्षांशाला ३.६ ने गुणा. येतील तितकी मिनिटे २१ जूनला बारा तासांत मिळवा, २१ डिसेंबरला वजा करा. मग दोन्ही वेळा आठ मिनिटे मिळवा. मुंबई १९ अंश. १९ गुणिले ३.६ म्हणजे ६८. त्यात आठ मिळवून ७६ मिनिटे, म्हणजे जूनचा दिवस १३ तास १६ मिनिटे. वेधशाळेचा आकडाही हाच. नागपूर, सांगली, मालेगाव, कुठेही ही रीत लावली तर एखाद्या मिनिटाची चूक येते, त्यापलीकडे नाही.

शेवटची आठ मिनिटे कशाची? सूर्यास्त म्हणजे सूर्याच्या मध्यबिंदूने क्षितिज गाठणे नव्हे, वरची कड दिसेनाशी होणे. शिवाय हवा प्रकाशकिरणांना वाकवते, त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेला तरी काही वेळ दिसत राहतो. दोन्ही मिळून सकाळी साडेतीन-चार, संध्याकाळी साडेतीन-चार मिनिटे दिवसात भर पडते. 'दिवस-रात्र समान' म्हणतात त्या २० मार्चलाही आपल्याकडचा दिवस बारा तास सात मिनिटांचा भरतो, तो यामुळेच.

मात्र ही रीत घेऊन फार उत्तरेला जाऊ नये. दिल्लीलाच ती सात मिनिटांनी कमी पडते. लंडनला तर ती १५ तास १३ मिनिटे सांगते आणि खरा जूनचा दिवस असतो १६ तास ३८ मिनिटांचा. अक्षांश दुप्पट झाला की फरक दुप्पट होत नाही, त्याहून वेगाने वाढतो. गणिताची आवड असलेल्यांनी शाळेतला 'टॅन' आठवावा, तो इथे कामाला येतो.

टॅन हे नाव नव्हते तेव्हाही हेच गणित महाराष्ट्रात होत होते, आणि तेही सावलीने. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला. पुढे कित्येक पिढ्या पंचांगकर्त्यांनी त्यावर पंचांगे बांधली. त्यातली दिनमानाची रीत कुणालाही जमेल अशी आहे. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ काठी, सपाट जमिनीवर उभी करायची. ज्या दिवशी दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर मध्यान्ही तिची सावली मोजायची. हीच त्या गावाची 'पलभा'. तिला दहाने, आठने आणि तीन पूर्णांक एक तृतीयांशाने गुणायचे. येणारे तीन आकडे म्हणजे समदिनापासून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात सूर्यास्त किती पळे पुढे सरकणार ते. एक पळ म्हणजे २४ सेकंद.

मालेगावला ही सावली साडेचार अंगुळे पडते. मग ४५, ३६ आणि १५, एकूण ९६ पळे. मिनिटांत ३८ आणि थोडे. सांगलीची सावली साडेतीन अंगुळांहून किंचित जास्त, तिची पळे होतात ७७. दोहोंतला फरक १९ पळे, म्हणजे साडेसात मिनिटे. आजच्या संगणकाने काढलेला फरक सव्वासात. पाचशे वर्षांपूर्वीची काठी संगणकाच्या मिनिटभर अंतरात येते!

त्या तीन आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दहा, आठ आणि सव्वातीन. समदिनानंतरच्या पहिल्या महिन्यात दिवस झपाट्याने वाढतो, दुसऱ्यात थोडा कमी वेगाने आणि तिसऱ्यात जवळजवळ थांबतो. म्हणून मार्च-एप्रिलच्या रमजानमध्ये वेळापत्रक रोज सरकताना दिसते. जूनच्या रमजानमध्ये मात्र तीसही दिवस इफ्तारची वेळ पाच-सहा मिनिटांच्या आतच फिरत राहते.

काठीच्या सावलीशी मुस्लिमांचे नातेही रोजचेच. जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून ढळला, सावली वाढू लागली की सुरू होते. असरची वेळ तर पूर्णपणे सावलीवर ठरते. मध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली वस्तूइतकी झाली की शाफई पंथाची असर सुरू, दुप्पट झाली की हनफींची. कोकणातले मुस्लिम बहुतांशी शाफई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी. त्यामुळे महाडची असर आणि साताऱ्याची असर यांत सूर्याने न केलेला तासाभराचा फरक दिसतो. मध्ययुगात मोठ्या मशिदींत वेळ सांगण्यासाठी 'मुवक्कित' नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्या मशिदीतला इब्न अल-शातिर हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. चौदाव्या शतकात त्याने त्या मशिदीसाठी भले मोठे सूर्ययंत्र घडवले होते. महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या अल्-बिरुनीने सावल्यांवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि पंजाबातल्या गावांचे अक्षांश स्वतः मोजले. नांदगावचा ज्योतिषी आणि दमास्कसचा मुवक्कित यांची भेट होणे शक्यच नव्हते, दोघांत दीडशे वर्षांचे अंतर. पण दोघांचाही हिशेब एकाच सूर्याशी आणि एका काठीच्या सावलीशी होता.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी २० मार्च सोयीचा आहे. बारा इंचाची काठी गच्चीवर उभी करावी. मात्र घड्याळात बारा वाजता नव्हे. मालेगाव आणि सांगलीला त्या दिवशी खरी मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांना होते. नागपूरला १२.२१ ला, मुंबईला १२.४६ ला. सर्वांत आखूड सावली मोजली की गावाची पलभा हाती आली. शाळेतल्या मुलांना सोबत घेतले तर आणखी बरे. त्यांना टॅनची भीती वाटणार नाही.

वेळापत्रक नीट वाचणाऱ्याला २०२५ च्या रमजान महिन्यात एक विचित्र गोष्ट दिसली असेल. मुंबईत २ मार्चला सूर्योदय ६.५७ ला, ३० मार्चला ६.३४ ला. म्हणजे सकाळ २३ मिनिटांनी अलीकडे आली. सूर्यास्त मात्र ६.४४ वरून ६.५२ वर, फक्त आठ मिनिटे पुढे. दिवस अर्ध्या तासाने वाढला, मग दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा मिनिटे का नाहीत? सहरीला उठणाऱ्यांच्या झोपेवरच सगळी कात्री का?

कारण मध्यान्ह स्वतःच सरकते. पृथ्वी सूर्याभोवती वर्तुळात नव्हे, लंबवर्तुळात फिरते. तिचा अक्षही कललेला आहे. त्यामुळे सूर्याचे माथ्यावर येणे घड्याळाशी कधी जुळते, कधी मागे पडते, कधी पुढे धावते. फेब्रुवारीच्या मध्याला तो १४ मिनिटे उशिरा येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटे लवकर. मार्चमध्ये हा उशीर कमी होत जातो. महिनाभरात मध्यान्ह आठ मिनिटे अलीकडे येते. म्हणून सकाळी पंधरात आठ मिळतात आणि संध्याकाळी पंधरातून आठ वजा होतात.

याच कारणामुळे संक्रांतीची ती ओळखीची गंमत होते. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, संक्रांत १४-१५ जानेवारीची. दिवस तीळतीळ वाढू लागतो म्हणतात, पण मुंबईत सर्वांत उशिराचा सूर्योदय असतो तो नेमका जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या आसपास. वाढलेला तीळ संध्याकाळच्या ताटात पडलेला असतो. मुंबईचा सर्वांत लवकरचा सूर्यास्तही सर्वांत लहान दिवशी होत नाही. तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच येऊन गेलेला असतो.

सूर्यास्ताच्या या रकान्याकडे गावातले किती लोक डोळे लावून असतात! दक्षिण महाराष्ट्रात, सांगली-कोल्हापूर भागात जैन समाज मोठा आहे. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्य मावळण्याआधी जेवण उरकलेच पाहिजे. शेजारच्या मुस्लिम घरात सूर्य मावळल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्याच मिनिटाला एका घरातले ताट उचलले जाते आणि दुसऱ्या घरात मांडले जाते. सकाळी नवकारशी करणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबतात, तेव्हा रोजेदाराचा दिवस सुरू होऊन दोन तास झालेले असतात. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ गावागावाला वेगळी छापलेली असते, ती पाहून उपास सोडणाऱ्यांना तर यातले काहीच नवीन नाही.

सहरीचा हिशेब थोडा वेगळा. रोजा सूर्योदयाला नव्हे, पहाटेच्या पहिल्या आडव्या उजेडाला, सुबह सादिकला सुरू होतो. भारतातल्या बहुतेक तक्त्यांत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असतानाची वेळ धरतात. मुंबईत मार्चमध्ये ही वेळ सूर्योदयाआधी ७३ मिनिटे, डिसेंबरात ७८, जूनमध्ये ८३. 'सूर्योदयातून सव्वा तास वजा' करून सहरी खाणारा जूनमध्ये आठ मिनिटे जास्त खाईल.

उत्तरेला हीच पहाट लांबत जाते. २० मार्चला सूर्य जगभर जवळपास बाराच तास वर असतो, लंडन आणि सांगलीच्या दिवसात तीन-चार मिनिटांचाच फरक. तरी लंडनचा रोजा सांगलीपेक्षा सुमारे पाऊण तासाने मोठा भरतो, कारण तिथला सूर्य तिरका वर चढतो आणि पहाट रेंगाळते. जूनमध्ये तर ४८.५ अंशांच्या पलीकडे सूर्य १८ अंश खाली जातच नाही. रात्रभर क्षितिजावर उजेड असतो. पहाट कधी झाली हे कुणी ठरवायचे? ब्रिटनमधल्या मशिदींचे तक्ते यामुळेच एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी १५ अंश धरतात, कुणी रात्रीचे भाग पाडतात.

नॉर्वेतल्या ट्रोम्सोला, ६९ अंशांच्या पलीकडे, मे ते जुलै सुमारे दोन महिने सूर्य मावळतच नाही. तिथे राहणाऱ्या अनेक मुस्लिमांनी तेव्हा मक्केच्या वेळापत्रकाने रोजे धरण्याचा मार्ग स्वीकारला. मक्का आहे २१.४ उत्तर अक्षांशावर. महाराष्ट्राच्या नकाशात हा अक्षांश नंदुरबारवरून जातो. जळगाव, अमरावती, नागपूरही फार दूर नाहीत. म्हणजे मक्केचा दिवस आणि नंदुरबारचा दिवस वर्षभर काही सेकंदांच्या फरकाने सारखाच. मध्यरात्रीच्या सूर्याखाली बसलेला ट्रोम्सोचा रोजेदार तास मोजतो ते नंदुरबारइतकेच.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला सगळे आरशासारखे उलटे. मॉरिशसमध्ये मराठी भाषकही आहेत आणि मुस्लिमही. ते बेट साधारण २० अंश दक्षिणेला, म्हणजे मालेगावचे प्रतिबिंबच. मालेगावला डिसेंबरचा छोटा रोजा असतो तेव्हा मॉरिशसचा सर्वांत मोठा. चांद्रवर्ष सौरवर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९८३ मध्ये तो जूनमध्ये होता, २०१६ मध्ये पुन्हा जूनमध्ये. तेवढ्या काळात मालेगाव आणि मॉरिशस दोघांच्याही वाट्याला लहान-मोठे रोजे सारखेच येतात.

उंचीचाही प्रश्न विचारला जातो. २०११ साली दुबईच्या मुफ्तींनी बुर्ज खलिफात ८० व्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे थांबून रोजा सोडावा असे सांगितले होते. आपल्याकडे बुर्ज नाही, पण महाबळेश्वर आहे. तेराशे-साडेतेराशे मीटरवरून पश्चिमेचे मोकळे क्षितिज पाहणाऱ्याला सूर्य खालच्या कोकणापेक्षा चार मिनिटांहून थोडा अधिक काळ दिसतो. तिथे सूर्यास्त पाहायला गेलेल्या रोजेदाराने पोलादपूरची वेळ लावू नये, समोर सूर्य दिसत असताना तर नाहीच. याउलट दरीतल्या गावात सूर्य डोंगराआड पाच वाजताच गेला, तरी तो सूर्यास्त नव्हे. तिथे कार्डावरचीच वेळ खरी.

मोबाइलवरचे ॲप हे सगळे गणित क्षणात करते, पण त्याला गाव बरोबर सांगावे लागते. गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन आलेल्याचे ॲप कधी कधी मुंबईतच अडकलेले असते. मशिदीत भिंतीवर लावलेला 'दायमी' तक्ता अजूनही उपयोगी आहे, तो याच कारणाने. त्यात वर्षाच्या ३६५ दिवसांच्या वेळा त्या एकाच गावासाठी काढलेल्या असतात. सूर्य इंग्रजी तारखांना बांधलेला, म्हणून तो तक्ता वर्षानुवर्षे चालतो. रमजानचा चंद्र त्यावरून मागे मागे सरकत जातो.

२०२६ चा रमजान फेब्रुवारीत सुरू होणारा, तेव्हा मालेगाव-सांगलीचा फरक तीन मिनिटांवर जातो. २०३० साली रमजान दोनदा येईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. तेव्हा तो पूर्ण सात मिनिटांचा. कार्ड छापणाऱ्यांनी दूरच्या गावांसाठी एकाऐवजी तीन आकडे द्यावेत, मार्चचा, जूनचा आणि डिसेंबरचा. एका ओळीची जागा लागेल. आणि डिसेंबरच्या त्या संध्याकाळी मालेगावची अम्मी फोनवर म्हणेल, "माझा रोजा सुटला बेटा, तू अजून थांब. तुझ्याकडे सूर्य आहे."